कुठल्या वाडीत नेट पोचतं? खानापूर तालुक्यात नकाशा करताना

गावात नेट आहे का, एवढंच विचारून भागत नाही. कुठल्या वाडीत, कुठल्या घराच्या उंबऱ्यावर, कुठल्या महिन्यात आणि वीज गेल्यानंतर किती वेळ, असं सगळं विचारावं लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आम्ही काही जणांनी मिळून ही विचारपूस केली, उत्तरं नकाशावर मांडली आणि तो नकाशा घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. ते सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात आणखी कोणाला हे काम हाती घ्यायचं असेल तर त्यांना अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. माझ्या वर्गात जांबोटीच्या आतल्या वाड्यांमधली आणि चोर्ला रस्त्यालगतच्या गावांमधली मुलं असतात. दहावीच्या मुलांना संध्याकाळी सरावाची प्रश्नपत्रिका पाठवली की निम्म्या वर्गाला ती रात्री मिळायची आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात आल्यावर. पण मुलांचं निदान दुसऱ्या दिवशी भागायचं. मोठ्यांचं तसं नव्हतं. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा हजेरीचे फोटो अॅपवर चढवायचा नियम जानेवारी २०२३ पासून सगळीकडे सक्तीचा झाला. फोटो कामाच्या जागी काढता येतो, पण तो चढवायला रेंज लागते. आमच्याकडचे कायकबंधू, म्हणजे मजुरांच्या गटाचे मुकादम, काम सुटल्यावर टेकाड चढून फोटो पाठवायचे. ज्या दिवशी तो गेला नाही, त्या दिवशीच्या मजुरीचा घोळ झालाच. रेशन दुकानदार अंगठ्याचं मशीन घेऊन चढावर बसायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तिथवर चालत यायचं. आणि १०८ ला फोन लावण्यासाठी कोणाला तरी आधी डोंगर चढून जावं लागतं, हे ज्याच्या घरी घडलंय त्याला वेगळं सांगायला नको.

सरकारी यादी बघितली तर यातली बरीचशी गावं 'कव्हर्ड' आहेत. देशभराचा हिशेब असा दिला जातो की सप्टेंबर २०२४ पर्यंत ६,४४,१३१ गावांपैकी ६,२२,८४० गावांत मोबाइल सेवा पोचली होती. आकडा मोठा आहे आणि त्यामागचं कामही मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण मोजायचं एकक 'गाव' आहे. आमच्याकडे एका महसुली गावाच्या पोटात गावठाण असतं, शिवाय दोन-चार वाड्या, एखादा गवळीवाडा, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक नाला नाही तर एक डोंगर. गावठाणात देवळापुढे रेंज आली की सगळं गाव यादीत हिरवं होतं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडे घडते असंही नाही. अमेरिकेत बरीच वर्षं कंपन्यांनी जनगणनेच्या गटानुसार माहिती द्यायची असायची, आणि एका गटात एका जागी जरी सेवा देता येत असली तरी अख्खा गट 'सेवा आहे' असा धरला जायचा. २०२० मध्ये तिथे कायदा बदलला, नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रत्येक घर-इमारतीच्या ठिकाणानुसार केलेला नकाशा लोकांसमोर आला, आणि 'माझ्या घरी हे खरं नाही' अशी हरकत घ्यायची सोय त्यात ठेवली गेली. हरकत घेण्याची ही सोय मला फार महत्त्वाची वाटली. आपल्याकडे तशी खिडकी नाही, तर आपणच हरकतीचा पुरावा तयार करावा, असं आमचं ठरलं.

आम्ही म्हणजे कोण, तर मी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमनमामा, आमच्या भागातल्या दोन आशाताई, 'ग्राम वन' (Grama One) हे सरकारी सेवा केंद्र चालवणारा एक तरुण, आणि अकरावी-बारावीला गेलेले माझे काही माजी विद्यार्थी. पैसे कोणी दिले नाहीत, लागलेही फारसे नाहीत. पायपीट मात्र भरपूर झाली.

पहिलं काम वाड्यांची यादी करण्याचं. हे सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक महसुली गावाला सांकेतिक क्रमांक असतो. तो क्रमांक आम्ही प्रत्येक नोंदीला जोडला, कारण एकाच गावाचं नाव कन्नड कागदावर, इंग्रजी यादीत आणि आमच्या बोलण्यात तीन प्रकारे येतं आणि पुढे कचेरीत जुळवाजुळव करताना सगळा गोंधळ होतो. वाड्यांना मात्र असा क्रमांक नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी नकाशे कामाला आले. २०१७ पासून ते फुकट उतरवून घेता येतात. त्यावर विखुरलेल्या घरांचे ठिपके असतात, पाऊलवाटा असतात, समोच्च रेषा असतात. काही वाड्या नकाशावर होत्या पण जागेवर उठून गेलेल्या, काही जागेवर होत्या पण नकाशावर नव्हत्या. ओपनस्ट्रीटमॅपवर उपग्रहाच्या चित्रावरून घरं आखायला मुलांनी सुरुवात केली, पण आमच्याकडची कौलारू घरं फणसा-आंब्याच्या सावलीत असतात, वरून दिसतच नाहीत. शेवटी आशाताईंची वही हीच खरी यादी ठरली. कुठल्या घरात लहान मूल आहे आणि कुठे गरोदर बाई आहे हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे एकही घर सुटत नाही.

भूगोलाची शिक्षिका म्हणून मला इथे जे दिसलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. तिथून फार लांब नाही, भीमगडच्या रानात, म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन्ही नद्यांचं पाणी वेगळं करणारा जो डोंगराचा कणा आहे, तोच मोबाइलच्या लहरींनाही आडवा येतो. टॉवर आहेत ते बहुतेक बाजाराच्या गावांत आणि हमरस्त्याला धरून. त्यांच्या लहरी कण्यापर्यंत येतात आणि पलीकडची दरी सावलीत राहते. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, अडथळ्याला थोडाफार वळसा घालतात. १८०० किंवा २३०० च्या लहरींना ते तितकं जमत नाही. म्हणून काही वाड्यांत बोलणं होतं आणि नेट येत नाही. समोच्च रेषांच्या नकाशावर आम्ही टॉवरच्या जागा मांडल्या तेव्हा कुठे रेंज नसणार हे घरबसल्या बरंचसं सांगता आलं. मुलांनी वर्गात समोच्च रेषा पाठ केल्या होत्या. त्या कशासाठी असतात हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

कंपन्यांचेही नकाशे आहेत. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या सेवा-गुणवत्तेच्या नव्या नियमांनी, जे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर २जी, ३जी, ४जी, ५जीचे वेगवेगळे नकाशे ठेवणं बंधनकारक केलं. हे चांगलंच झालं. आधी तक्रार करायची तर कशाच्या विरुद्ध, हेच हातात नव्हतं. पण असे नकाशे मुख्यत्वे हिशेबाने काढलेले असतात, म्हणजे टॉवरची उंची, अँटेनाची दिशा, फ्रिक्वेन्सी आणि जमिनीचा चढउतार यांवरून. घराच्या जाड भिंती, दाट झाडी आणि बंद पडलेली बॅटरी त्या हिशेबात नीट येत नाही. म्हणून आम्ही कंपनीचा नकाशा खाली ठेवला आणि आमची मोजमापं त्यावर मांडली. जिथे रंग जुळले नाहीत, तिथे आमचं काम होतं.

मोजायची पद्धत अशी होती. सगळ्यांकडे एकाच मॉडेलचे फोन, कारण दोन फोनांच्या अँटेनात फरक असतो आणि मग वाद होतात. कोबो नावाच्या मोफत अॅपमध्ये प्रश्नावली भरून घेतली. ते नेट नसताना चालतं आणि रेंजमध्ये आल्यावर माहिती पाठवतं. आमच्या भागात ही अट पहिली. प्रत्येक घराच्या उंबऱ्यात, मग घराच्या आत, मग शाळा-अंगणवाडीत सिग्नलची ताकद नोंदवायची. फोनच्या सेटिंगमध्ये हा आकडा डीबीएममध्ये दिसतो, उणे चिन्हासकट. उणे ८५ च्या आसपास असेल तर छान चालतं, उणे ११० च्या खाली घसरलं की नेट रखडतं, उणे १२० ला फोन हात टेकतो. त्यानंतर ट्रायच्या मायस्पीड अॅपवर वेग. लागोपाठ काही वेळा मोजून मधला आकडा धरायचा, कारण एखादा आकडा भलताच वर किंवा खाली जातो. शिवाय त्या वेळी वीज होती का, हा रकाना. लाइनमनमामांनी तो हट्टाने घालायला लावला. टॉवरला वीज नसेल आणि बॅटरी उतरली असेल तर ती 'रेंज नाही' वेगळी, आणि डोंगर आड आहे म्हणून रेंज नाही ती वेगळी. पहिलीवर उपाय बॅटरी आणि जनरेटर, दुसरीवर नवा टॉवर किंवा केबल. दोन्ही एकाच रंगात दाखवल्या तर कचेरीतला माणूस चुकीचं औषध देणार.

एका वाडीत आम्ही असे मोजत फिरत होतो, सगळीकडे शून्य. एक आजी अंगणात सुपारी सोलत बसल्या होत्या. आमचं बराच वेळ बघून म्हणाल्या, "बाई, हितं काय बगतासा? वर चला की. फणसाच्या बुडाला दोन काड्या येतात."

वर गेलो. फणसाच्या खोडाला छातीएवढ्या उंचीवर खिळा ठोकला होता, खिळ्याला कापडी पिशवी, पिशवीत फोन. फोनचा हॉटस्पॉट चालू. बुडाशी बसायला दगड मांडलेले आणि त्यावर तीन-चार बायका आपापले फोन घेऊन बसलेल्या. त्यात आमच्याच आशाताईंची जाऊ होती, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. खिळा जांबोटीच्या बाजूला होता. मी फोन काढून खोडाच्या मागच्या बाजूला धरला तर आकडा लगेच सात-आठ डीबीएमने घसरला. म्हणजे खिळा कुठल्या बाजूला ठोकायचा हे सुद्धा या लोकांनी आपापलं शोधून काढलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या प्रश्नावलीत एक नवीन प्रश्न आला: "तुमची रेंजची जागा कुठली?" प्रत्येक वाडीला अशी जागा होती. कुठे झाड, कुठे मोठा दगड, कुठे पाण्याच्या टाकीची पायरी, कुठे नाल्यावरच्या साकवाचं टोक. आम्ही घर आणि रेंजची जागा नकाशावर रेषेने जोडली आणि रेषेवर अंतर आणि चढाव लिहिला. पुढे कचेरीत डीबीएमचे आकडे कोणी फारसे वाचले नाहीत. या रेषा मात्र सगळ्यांनी वाचल्या. रात्री बाळंतिणीला कळा सुरू झाल्या तर गव्या-अस्वलाच्या वाटेवरून कोणी किती चालायचं, हे त्या रेषेत लिहिलेलं होतं.

कशाला ब्रॉडबँड म्हणायचं हेही ठरवावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने किमान २ एमबीपीएस डाउनलोड अशी व्याख्या केली. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती. आम्ही २ ची रेघ पाळली, कारण सरकारशी सरकारच्याच मापाने बोलावं. पण या व्याख्येत अपलोडचा उल्लेख नाही, आणि आमच्या लोकांचं सगळं काम अपलोडचं आहे. हजेरीचा फोटो, अंगणवाडीच्या पोषण अॅपमधली नोंद, शिष्यवृत्तीचा दाखला, हे सगळं वर चढवायचं असतं. डाउनलोड अडीच आणि अपलोड जवळजवळ शून्य अशी घरं आम्हाला बरीच सापडली. व्याख्येनुसार ती ब्रॉडबँडची घरं. मला हे मान्य नाही, म्हणून आम्ही अपलोडचा वेगळा थर काढला आणि दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले.

मे महिन्यात केलेला नकाशा पावसाळ्यात पुन्हा केला. कणकुंबी पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगायला नको. भिजलेली पानं लहरी खातात. झाडं तारांवर पडतात, वीज दिवसेंदिवस नसते, टॉवरची बॅटरी काही तासांत संपते आणि डिझेल घेऊन जाणारी गाडी चिखलात अडकते. मे महिन्यातल्या कितीतरी पिवळ्या खुणा, म्हणजे निदान रेंजच्या जागी नेट असलेल्या, जुलैत लाल झाल्या, म्हणजे नुसतं बोलणं उरलं. नेमक्या त्याच महिन्यांत साकव वाहून जातात, रस्ता तुटतो आणि फोनची गरज सगळ्यात जास्त असते. सरकारी पाहणी बहुतेक कोरड्या दिवसांत होते. नकाशा करणाऱ्या कोणालाही माझं हेच सांगणं राहील की पावसाळ्यातली मोजणी चुकवू नका.

आता केबलचं. भारतनेट योजनेची सुरुवात २०११ मध्ये दुसऱ्या नावाने झाली. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायचं, हा तिचा गाभा. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं यंत्र, पंचायतीत ओएनटी नावाची छोटी पेटी, मध्ये काचेची तार. आमच्या यादीतल्या पंचायतींपैकी बहुतेकींमध्ये ही पेटी होती. 'जोडलेली' म्हणून नोंदही होती. ती चालते का, हे आम्ही आत जाऊन बघितलं.

एका पंचायतीत पेटी कपाटावर होती, तिच्यावर लाल दिवा पेटलेला. कारकून म्हणाले, पेटी बिघडली आहे, नवीन मागितली आहे. लाइनमनमामांनी चष्मा लावून दिवा बघितला. "पेटीला काय झालं नाही. लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही. तार तुटलीय कुठंतरी." मग ते खांबाखांबाने चालत निघाले, आम्ही मागे. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने एका मोरीजवळ केबल उपसून काढली होती. काळ्या केबलचं टोक गवतात पडलं होतं. मामांनी ते उचलून पुसलं, टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पिशवीत पाणी जाणार नाही असं बघून खांबाला अडकवलं. जागेचा जीपीएस आकडा आम्ही घेतला. दुसऱ्या एका पंचायतीत दिवा हिरवा, सगळं ठीक, पण पेटीची बॅटरी मेलेली. संध्याकाळी कचेरी बंद करताना मुख्य स्विच खाली ओढला की नेटही बंद. शेजारच्याच खोलीत अरिवु केंद्र, म्हणजे पंचायतीचं वाचनालय. तिथे मुलं संध्याकाळी येतात, आणि नेमकं तेव्हाच नेट नसतं. अशी गोष्ट कुठल्याही यादीत दिसत नाही, ती पेटीसमोर उभं राहूनच कळते.

पंचायतीपर्यंत आलेलं फायबर वाडीत का जात नाही? प्रकाशाची अडचण नाही, या पद्धतीत तो वीस किलोमीटरपर्यंत जातो. अडचण खांबांची, परवानगीची आणि गिऱ्हाइकांची. भारतनेटमध्ये स्थानिक माणसाला उद्यमी म्हणून घेऊन घराघरांत जोडण्या द्यायची सोय आहे, मिळकतीत त्याचा वाटा असतो. आमच्या भागातला केबलवाला भाऊ हे करायला तयार आहे. त्याचं म्हणणं साधं होतं, वाडीत वीस घरं तरी घेणार असतील तर खांब घालायला परवडतं. म्हणून आम्ही घरोघरी तेही विचारलं, महिन्याला किती देता येईल? आकडे आमच्या अंदाजापेक्षा बरे आले. ज्या घरांतली मुलं गोव्यात किंवा बेळगावात कामाला आहेत, त्यांना व्हिडिओ कॉलसाठी पैसे मोजायची तयारी आहे. जंगलातून नवी चर खणायला वन खात्याची परवानगी लागते, आणि २०११ मध्ये अभयारण्य झालेल्या भीमगडमध्ये ती आणखी कडक. ते योग्यच आहे असं मी मानते. ज्या वाड्यांपर्यंत विजेचे खांब गेले आहेत, तिथे त्याच खांबांवरून केबल नेली तर एक झाड तोडावं लागत नाही. आमच्या नकाशावर म्हणूनच विजेचे खांबही आहेत.

माझं माहेर निपाणीकडचं. सुट्टीत गेले तेव्हा तिथेही थोडी मोजणी केली. तिथे डोंगर नाही, हमरस्ता जवळ, फायबर गावात आलेलं. पण तिथली अर्धी माणसं गावात राहत नाहीत, मळ्यात राहतात. केबल चावडीपाशी थांबते आणि उसातल्या वस्तीवर फोनचाच आधार. तिथे आणखी एक भानगड निघाली. सीमेलगतच्या मळ्यांत फोन कागलकडचा टॉवर पकडतो. दूरसंचारच्या हिशेबात कर्नाटक एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा दुसरं. फोनमध्ये दिसणाऱ्या नेटवर्कच्या कोडवरून टॉवर कुठल्या सर्कलचा ते कळतं. रोमिंगला आता जादा पैसे पडत नाहीत, त्यामुळे लोकांच्या ते लक्षातही येत नाही. पण तक्रार करायला गेलं की इकडचे म्हणतात टॉवर आमचा नाही, तिकडचे म्हणतात गाव आमचं नाही. चोर्ल्याकडे हेच गोव्याच्या टॉवरबाबत घडतं. सीमाभागात नकाशा करणाऱ्यांनी सर्कलचा रकाना जरूर ठेवावा. उसना सिग्नल कोण कधी अँटेना फिरवून काढून घेईल, सांगता येत नाही.

सगळी माहिती क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या संगणक-प्रणालीत आणून नकाशा काढला. हिरवं म्हणजे उंबऱ्यावर २ एमबीपीएस, पिवळं म्हणजे फक्त रेंजच्या जागी, लाल म्हणजे नुसतं बोलणं, काळं म्हणजे काहीच नाही. घराघरांची माहिती बाहेर द्यायची नाही, हे आधीच ठरलं होतं. बाहेर दिलेल्या नकाशावर वाडीचा ठिपका आहे, कुटुंबाचं नाव किंवा फोन नंबर नाही. जंगलातल्या एकट्या घरात कोण राहतं हे जगाला सांगायचं कारण नाही.

मग कागदपत्रं. आधी ग्रामसभांचे ठराव, कारण सहीच्या अर्जापेक्षा ठरावाला वजन असतं. ठराव आणि अर्ज कन्नडमध्ये करून द्यायला शेजारच्या कन्नड शाळेतले सर आमच्याबरोबर बसले. प्रत्येक वाडीचं नाव त्यांनी दोन्ही भाषांत स्वतः तपासलं आणि तालुका पंचायतीत स्वतः आले. त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. अर्ज पीडीओंमार्फत, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांमार्फत, तालुका पंचायतीला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दूरसंचार समितीला आणि दूरसंचार विभागाच्या बेंगळूरच्या कार्यालयाला गेले.

पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: सदर गाव कव्हर्ड आहे. आम्ही उत्तराला उत्तर म्हणून त्या गावाच्या वाड्यांचा नकाशा, पावसाळ्यातली मोजणी आणि कंपनीच्या नकाशाची प्रत जोडली, आणि संयुक्त पाहणी मागितली. ती मिळाली. आलेल्या अभियंत्यांनी पंचायतीपुढे यंत्र लावलं, आकडा चांगला होता. मामा म्हणाले, "साहेब, एवढं आलाच आहात तर वाडीत येऊ या." साहेब आले, हे मी आदराने लिहिते. दुपारच्या उन्हात चढाव चढले, फणसापर्यंत गेले, उंबऱ्यावर मोजलं आणि आमच्याच नमुन्यावर आपले आकडे लिहून सही केली. दोन्ही आकड्यांत फारसा फरक नव्हता.

तुटलेली केबल जोडली गेली आणि त्या पंचायतीची पेटी आता हिरवी आहे. वाचनालयाशेजारच्या पेटीला पंचायतीने स्वतंत्र स्विच आणि नवी बॅटरी बसवली, त्यामुळे संध्याकाळी मुलं तिथे बसतात. पाहणी झालेल्या वाडीची नोंद 'सेवा नसलेली वस्ती' अशी झाली असून टॉवरसाठी जागा बघणं चालू आहे. बाकीच्या बऱ्याच वाड्यांचे अर्ज अजून पडून आहेत. अभयारण्यातल्या काही वाड्यांत पुनर्वसनाची बोलणी चालू असल्याने 'तिथे आता कशाला' असं उत्तर मिळतं. जे जातील त्यांनी आपल्या मर्जीने जावं, पण जे आहेत त्यांना तोपर्यंत १०८ लागलीच पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आहे. त्यात २.६४ लाख पंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या आहेत, म्हणजे जेसीबीने एकीकडे केबल तोडली तरी दुसरीकडून प्रकाश येत राहील. आणि पंचायतीचं ठिकाण नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची आहे. ही मागणी कागदावर असेल तरच मोजली जाते. तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव मांडणार असाल तर नुसतं 'आमच्या गावात नेट द्या' असं लिहू नका. गावाचा क्रमांक लिहा, प्रत्येक वाडीचं नाव आणि घरं लिहा, पावसाळ्यातला आकडा लिहा, रेंजची जागा किती लांब ते लिहा, जोडणी घ्यायला तयार असलेली घरं किती ते लिहा. प्रश्नावलीचा आमचा नमुना मराठी आणि कन्नडमध्ये तयार आहे. ज्या पंचायतीला हवा असेल तिला तो देऊ, आणि पहिल्या मोजणीला आमच्यातलं कोणीतरी बरोबर येईल.